टेपचा वीतभर तुकडा

नाव वर लिहून घेतले आहे, पण त्या नावाने मला फक्त बँक ओळखते. बाकी सगळे ताई म्हणतात. वय त्रेपन्न वर्षे. धंदा मोटार चालवायला शिकवणे. राहणार पाण्याच्या टाकीसमोरची इमारत, दुसरा मजला, जिन्याला लागून.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मला एक धाकटा भाऊ आहे. तो गायक आहे व त्याचे नाव झालेले आहे. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई जाऊन नऊ वर्षे झाली.

मी, धाकटा आणि आमचा मित्र काडी असा तिघांचा बँड होता. धाकटा गायचा व गिटार वाजवायचा, काडीकडे बेस गिटार आणि माझ्याकडे ड्रम. काडी हल्ली लिफ्ट दुरुस्त करतो आणि अंगाने काडी राहिलेला नाही, पण नाव चिकटले ते चिकटले. आमचे संगीत ऑल्टरनेटिव्ह रॉक या प्रकारातले. म्हणजे काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. ज्यांना लग्नात वाजवायला कोणी बोलावत नाही ते, असे मी सांगितले.

पहिले तीन अल्बम आम्ही घरीच, बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड केले. मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर होता. आमचे हात वाद्यांत अडकलेले, म्हणून बटण आई दाबायची. एकदा सुरू केली की टेप मध्ये थांबवायची नाही अशी आमची पद्धत होती, कारण मशीन बंद-चालू केले की गाण्याच्या तोंडाशी खर्र असा आवाज यायचा. त्यामुळे दोन गाण्यांमधला वेळही टेपवर आला. त्या वेळात धाकटा सिगारेट ओढायला गॅलरीत जायचा आणि आई बोलायची. पुढच्या गाण्याचे नाव सांगायची, ते कितव्यांदा वाजवतोय ते सांगायची आणि मग आमची खरडपट्टी काढायची. "काडी, जागा आहेस ना रे?" "धाकट्याला सांगा, घाई करू नकोस म्हणावं. ताईच्या पायाकडे बघ म्हणावं, ती चुकत नाही."

आईला फोटो काढून घ्यायला आवडायचे, पण फोनवर कधी आवाजी निरोप ठेवायची नाही. "भिंतीशी काय बोलायचं?" म्हणायची. त्यामुळे तिचा आवाज त्या टेपांवर होता, तेवढाच. टेपा माझ्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या. मी त्या कधी लावल्या नाहीत. जुनी टेप लावली तर झडून जाईल अशी भीती वाटायची. आहेत, एवढे मला पुरत होते.

मागच्या वर्षी धाकटा घरी आला. बँडची सगळी कारकीर्द एका पेटीत निघणार, असे त्याने सांगितले. सातही अल्बम, कार्यक्रमांची रेकॉर्डिंग, घरच्या टेपा आणि फोटोंचे जाड पुस्तक. त्यासाठी त्याने टेपा मागितल्या. मी नाही म्हणाले. तो दोन वेळा येऊन गेला. तिसऱ्या वेळी माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून म्हणाला, "आईची शपथ ताई, नेल्या तशा आणून देतो. आणि तिकडे चांगल्या मशीनवर लावतील. आईचा आवाज तुला वेगळा काढून देतो, मग तर झालं?" मी डबे त्याच्या गाडीत स्वतः ठेवून दिले. गाडी हळू चालव, असेही सांगितले. शिकवून शिकवून जिभेला सवय लागली आहे.

त्यानंतर मी फोन केला की, काम चालू आहे, एवढेच उत्तर मिळायचे.

काल दुपारी गाण्यांच्या दुकानात त्या पेटीचे प्रकाशन होते. मला बोलावणे नव्हते. काडीला होते, त्याच्याबरोबर मी गेले. गर्दी बरीच होती. टेबलावर पेट्या रचलेल्या होत्या. मी एक उघडली. पुस्तकात लिहिले होते की, घरच्या टेपा धाकट्याने एकट्याने केल्या, गाता गाता पायाने मशीनचे बटण दाबून. ते वाचून काडी म्हणाला, "ह्याचा पाय तालात कधी पडला नाही, बटणावर कसा पडला?" मी हसले. तोपर्यंत मी हसत होते, हे नमूद करावे.

पुस्तकाखाली एक काचेची छोटी चौकट होती. तिच्यात तपकिरी टेपचा वीतभर तुकडा चिकटवला होता. खाली छापले होते, मूळ टेपचा अस्सल तुकडा. मी दुसरी पेटी उघडली. तिच्यातही होता. प्रत्येक पेटीत होता.

धाकटा चाहत्यांना सह्या देत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारले की, टेपा कापल्या का? तो म्हणाला, "गाण्यांना हात लावलेला नाही गं. मधली रिकामी टेप होती, तेवढीच कापली. वाया गेली असती नाहीतर." त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही. तो गॅलरीत असायचा. आत काय चालायचे ते त्याला कुठून ठाऊक असणार, आईचा आवाज काढून देण्याची शपथ तो विसरला असेल, असे मी मनाला समजावले. भावाच्या बाबतीत मी आयुष्यभर हेच करत आले आहे.

रेकॉर्डिंगचे काम केलेला मुलगा शेजारी उभा होता. त्याने आमचे बोलणे ऐकले. तो मला म्हणाला, "मध्ये बोलणाऱ्या बाई तुमच्या आई होत्या का? फार गोड आवाज होता. सरांनी हेडफोन लावून सगळं ऐकलं, डोळे मिटून. मी दोनदा विचारलं, ह्या कोण? सर म्हणाले, कोणी नाही. काढून टाक." त्या भागाची कॉपी ठेवली का, असे मी विचारले. ठेवली नाही, असे त्याने सांगितले. त्या मुलाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याला जे सांगितले ते त्याने केले.

मी धाकट्याकडे पाहिले. तो म्हणाला, "ताई, सगळ्या टेपभर ती मलाच बोलतेय. माझं चुकतंय, तू बरोबर. हे लोकांना ऐकवू?" मी म्हणाले, "लोकांना नको ऐकवू. मला द्यायचं होतंस."

यानंतर मी टेबलावरच्या पेट्या एकेक करून उघडल्या व चौकटी काढून माझ्या पिशवीत भरल्या. चिकटलेल्या होत्या त्या गाडीच्या किल्लीने उचकटल्या. दुकानदाराने मला अडवले, त्यात टेबल आडवे झाले. धाकटा लोकांना म्हणाला, "माफ करा, तिला बरं नसतं." तेव्हा माझा उजवा पाय त्याच्या पायावर पडला. तो चुकून पडला असे लिहू नये. त्या पायाने मी वीस वर्षे मोठा ड्रम वाजवला आहे व आता रोज शिकाऊ लोकांच्या गाड्यांना ब्रेक लावते.

दुकानाच्या नुकसानीबद्दल माझे म्हणणे नाही, ते मी भरून देईन. पण चौकटी मी परत देणार नाही. काडीकडे त्याच प्रकारचे जुने मशीन आहे. तुकडे जोडून वाजवू, असे तो म्हणतो. एका तुकड्यात सेकंदभर आवाज मावतो. म्हणजे आईचा एखादा शब्द, फार तर दोन. बऱ्याच पेट्या माझ्या आधीच लोकांनी विकत नेल्या. त्यांच्या घरी भिंतीवर आईचा कुठला शब्द टांगला जाईल हे त्यांना कळणार नाही आणि मलाही कळणार नाही.

चौकटी आपल्या मालकीच्या आहेत, असे धाकट्याने ठाण्यात सांगितल्याचे मला समजले. तो बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावून टेपवर आवाज कोणाचा एवढेच विचारावे, अशी मी विनंती केली. हवालदारसाहेबांनी विचारले. तो खाली बघत म्हणाला, "आईचा." आणि लगेच म्हणाला, "पण हे लिहू नका, साहेब."

माझा वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एका ठिकाणी 'टेपवर एका बाईचा आवाज' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'आमच्या आईचा' असे करण्यात आले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.