टॅब तोडलेली कॅसेट

सालसाचा विषय निघालाच आहे तर सांगते. लंडनजवळच्या आमच्या पिनरच्या घरातली गोष्ट, मी तेव्हा सोळा वर्षांची. माझा लाडका सालसा गायक गेला आणि रेडिओवर तासभर त्याची रेकॉर्डिंग्ज लावणार होते. घरात कोरी कॅसेट एकही नाही. बाबांच्या ड्रॉवरमध्ये एक सापडली, वर काही न लिहिलेली. तिच्या कडेवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टॅब तोडलेल्या होत्या. चुकून पुसली जाऊ नये म्हणूनच तोडतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी त्या भोकांवर सेलोटेप चिकटवला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

रविवारी बाबांनी ती कॅसेट लावली. त्यांची आई साताऱ्याहून पत्राऐवजी कॅसेटवर बोलून पाठवायची. ती जाऊन चार महिने झाले होते आणि हे तिचं शेवटचं बोलणं होतं. आजीच्या जागी ट्रम्पेट वाजायला लागले.

मी दारातच उभी. "बाबा, आय ॲम सो सॉरी. मला वाटलं..."

बाबांनी टेप बंद केला नाही. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मग विचारलं, "कोण हा?"

"सालसाचा मोठा सिंगर होता. मागच्या आठवड्यात गेला."

"गेला?"

"हो."

त्यांनी कॅसेट बाहेर काढली, नखाने दोन्हीकडचा सेलोटेप सोलून काढला आणि ती माझ्या हातात दिली. "मग हिच्यावर आता काही रेकॉर्ड करू नकोस."