धुळाची जप्त बंदूक

सन्माननीय अध्यक्ष बसलिंगप्पाअण्णा, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या गळ्यात आपण हार घातला ते आपले फौजदारसाहेब, आणि जमलेल्या सोलापूरकर बंधुभगिनींनो,

साहेबांची बदली झाली. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोला, असं चिटणिसांनी मला बजावलं आहे. बोलतो. पण मी पडलो वकील, गोड शब्द ऐकला की आधी संशय येतो!

साहेबांचा कायद्याचा अभ्यास दांडगा. धुळा धनगराकडे ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. परवान्यात लिहिलं होतं, 'पिकाच्या रक्षणासाठी'. मेंढरांवर लांडगा आला, धुळानं बार काढला, लांडगा पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी धुळाला पकडलं, बंदूक जप्त केली. म्हणाले, "मेंढी म्हणजे पीक नव्हे." आता लांडगा ज्वारी खात नाही, त्याला धुळानं काय करावं?

बरं, मानलं. कायद्याची भाषाच गुंतवळासारखी, कुठूनही ओढा, गाठच बसते. पण तसल्याच परवान्यावर पाटलांच्या चिरंजीवांनी हरीण मारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "हरीण पीक खातं." अहो, भर वैशाखात? शिवारात धसकटंसुद्धा उरली नव्हती! त्या हरणाची तंगडी कुणाच्या घरी शिजली, ते मी विचारत नाही. आजचा प्रसंग मंगल आहे.

धुळाचा वकील मीच. खालच्या कोर्टात हरलो, पण अपिलात तो सुटला, बंदूक परत द्यावी असा हुकूम झाला. हुकूम घेऊन ठाण्यावर गेलो, तर कारकून म्हणतो, "साहेबांनी तपासायला नेलीय." खटला संपल्यावर कसली हो तपासणी? साहेबांना गाठलं, तर म्हणाले, "जुन्याची मुदत संपली, आधी नवा परवाना दाखवा." परवान्यासाठी कचेरीत गेलो, तिथं म्हणाले, "आधी बंदूक दाखवा." नियमांत म्हणे दोन्ही बसतं!

इकडे परवा पुन्हा लांडगा आला. धुळा नुसती काठी घेऊन धावला, आणि लांडग्यानं त्याचा उजवा हात फाडला. आज तो इस्पितळात पडून आहे. त्याची बायको चिमाबाई मला म्हणाली, "वकीलसायेब, कायदा मला कळत न्हाय. पर बंदूक असती तर माज्या मालकाचा हात वाचला असता की!" संताप येतो, मंडळी.

साहेब, तुम्ही घड्याळ पाहताय. गाडीची वेळ झाली, ठाऊक आहे. येताना बाहेर तुमच्या सामानाचा टांगा पाहिला. सतरंजीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक आहे त्यात, सुतळीनं चांगलं आवळलेलं. मच्छरदाणीच्या काठ्या असतील. मी आपला संशयी माणूस.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, फार आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. सतरंजीत काठ्याच निघाल्या, तर सर्वांदेखत साहेबांचे पाय धरीन. चिमाबाई टांग्यापाशी उभी आहे. मी सुतळी सोडायला निघालो. साक्षीला ज्यांना यायचं, त्यांनी चला माझ्याबरोबर.