दुधातल्या दशम्या

घ्या ओ मावशी, खरंच घ्या — असं संशयानं बघू नका, काय कालवलेलं न्हाय त्यात. एक खाऊन तर बघा. मऊ हाय का न्हाय? बाजरीची हाय, पण पाण्याचा थेंब न्हाय, सगळी दुधात मळलेली — म्हणून तर प्रवासात टिकती. सगळंच गठुडं तुमाला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे, गुळाचा खडा. फडकं बी ठेवून घ्या, आमच्या आण्णांचं जुनं धोतर हाय, स्वच्छ धुतलेलं. डब्यात का न्हाय भरलं? डब्यात दशमीला घाम सुटतो, दुसऱ्या दिवशी वास मारती. आईला कळतं हे. आमच्या मालकांना कळत न्हाय.

ते काय, चौकशीच्या खिडकीपाशी उभेत — निळ्या सफारीतले. दौंडची येष्टी कधी लागती विचारायला गेलेत. जाताना म्हणाले, मी येईपर्यंत हे कुणाला तरी देऊन टाक. कुणालाबी. तुमी शेजारी बसला होता म्हणून तुमी, न्हायतर त्या खांबाखालच्या कुत्र्याचा नंबर होता.

व्हय, लांब जायचंय. दौंडला रेल्वेत बसायचं, दोन रात्री काढायच्या, मग तिकडं उत्तरेत साखर कारखाना हाय, खासगी — तितं हे केमिस्ट हायेत. गळीत सुरू व्हायच्या आत हजर व्हायचं. लगीन वैशाखात झालं, मी पहिल्यांदाच चाललीय. मी वरकुट्याची, हे सोमेश्वरनगरचे — पण रेल्वेत पुण्याचे म्हणायचं, असं ठरलंय. कुणी ठरवलं? मी तर न्हाय ठरवलं. यांचे साहेब आन् त्यांची बायको बसणारेत आमच्या समोरच, त्यांच्यापुढं फडकं सोडायचं न्हाय. कटलेट येतं म्हणं गाडीत, ते घ्यायचं. पाणी बी बाटलीतलं — फिरकीचा तांब्या घरीच ठेवायला लावला मला, आठवणीनं. आन् हे घोंगडं — हे बघा, चादरीत गुंडाळलंय, पळवून आणल्यावानी — हे बाकाखाली सारायचं. थंडी वाजली तर? वाजू द्यायची. घोंगडं दिसलं की कळतं म्हणं, मेंढरांमागची माणसं. आता यांचा आजा न् माझा आजा एकाच माळावर मेंढरं बसवायचे, त्याच ओळखीवर तर सोयरीक जुळली. सोयरीक जुळवायला चालतं, रेल्वेत चालत न्हाय.

मी एवढी बोलत न्हाय ओ कधी. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगतात, सून आमची गरीब, आवाजसुदिक येत न्हाय तिचा. पण बोलत न्हाय म्हंजे बघत न्हाय, असं थोडंच हाय? काल बॅग भरताना बघत होते की. सासूबाईंचे बेसनाचे लाडू वरच्या कप्प्यात गेले — यांनी स्वतः ठेवले, टॉवेलात गुंडाळून, लेकरू निजवल्यावानी. का? तर डबा स्टीलचा. तितं घरचं चालतं. घरचं बी कुणाच्या घरचं, हे बघायचं असतं बहुतेक.

चटणी घ्या की, कोरडी का खाताय. आन् तुमाला वाटत असंल, आईनं लेकीसाठी केलंय हे सगळं. न्हाय. मला बाजरी आवडतच न्हाय. हे मला बघायला आले, पोहे झाले, चहा झाला, आन् आतनं वास आला तशी यांनीच विचारलं — मामी, दशम्या चालल्यात का? चार खाल्ल्या. वर दोन कागदात बांधून घेतल्या, येष्टीत खायला. तितंच आई भुलली. पोरगं साधं हाय म्हणाली, आपल्यातलं हाय. मला कुणी काय विचारलं न्हाय, दशम्यांनीच होकार दिला. आन् परवा तिनं सकाळची धार डेअरीला घातली न्हाय, संध्याकाळची न्हाय, सगळं दूध पिठात ओतलं — जावयाला वाटेत लागतील म्हणून. माझा भाऊ सिद्धू एवढं घेऊन आला वरकुट्यावरनं, तर यांनी फडक्याकडं बघितलं आन् म्हणाले, हे काय. हे काय म्हणं. ओळखलं न्हाय बघा यांनी.

थांबा, ती नका घेऊ, ती करपलीय. दुसरी घ्या. — ही बी करपलीय. बघू. ही बी. माझी आई कधी करपवायची न्हाय ओ दशमी. चुलीपाशी बसून तिला रंग दिसायचा... दिसत नसंल आता. कुणाला बोलली न्हाय. मला बी न्हाय. तशीच अदमासानं भाजत बसली असंल, हात तव्याला लावून लावून.

काय म्हणालात? पुरुषांचं असंच असतं? असंल.

द्या इकडं ते. व्हय, गठुडं. द्या म्हणते ना. तुमी खाल्ली ती तुमची, तिच्याबद्दल काय न्हाय, पण बाकीचं द्या. गाठ मी मारते. हे माझ्या मांडीवर राहील दौंडपातूर, आन् रेल्वेत घोंगडं अंथरून त्या साहेबाच्या बायकोपुढंच सोडीन. पहिली दशमी तिला. कुठल्या म्हणाली, तर वरकुट्याची. हे बसू द्यात कटलेट खात.

ते बघा, निघाले तिकडनं. हातानं विचारतायत, दिलं का म्हणून. — तुमची मोरगावची लागली, जावा, जागा धरा. तोंड पुसा आधी, चटणी लागलीय. आन् वळून बघू नका आमच्याकडं, हितं ऐकण्यासारखं काय होणार न्हाय. मला बोलायचं होतं तेवढं तुमच्याशी बोलून झालं. आता ते बोलतील, आन् मी गाठ धरून बसीन.

जावा.