थाप, नमस्कार आणि मौन

हसणार नसाल तर सांगते, कारण मला अजून लाज वाटते. दर अमावस्येला मी यांच्या आयुष्यासाठी दुपारपर्यंत मौन धरते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही दोघं मोटरसायकलने अर्जुनी मोरगावहून इटियाडोहकडे निघालो होतो. कोणाच्या धानाच्या बांधीत अजून कापणी राहिली, ते बघत बघत हे गाडी चालवत होते. समोर अर्ध्या रस्त्यावर कोणीतरी धान वाळत घातलं होतं आणि कडेला मोठे दगड मांडले होते. मला दिसलं, यांना नाही. नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण दुपार व्हायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून मी यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारली.

आता आमची सवय अशी, की वाटेत देऊळ आलं की मी अशीच थाप मारते. यांनी लगेच हँडलवरचा एक हात काढून कपाळाला लावला आणि भक्तिभावाने मान खाली घातली.

गाडी धानावरून घसरली. यांचं डोकं दगडापासून वीतभर लांब राहिलं. मी मात्र पडल्या पडल्या ओरडले, "अगं माय वं, माझं कोपर!"

हे धानात बसूनच म्हणाले, "काऊन वं, आता बोलता येऊन राहिलं तुले?"

ज्यांच्यासाठी मौन धरलं, त्यांच्यासाठी ते मोडवलं नाही. स्वतःचं कोपर खरचटलं आणि लगेच मोडलं. देव मला समजून घेईल, अशी आशा आहे.

हे मात्र गाडीला किक मारायच्या आधी रोज विचारतात, "आज तोंड सुरू हाय ना वं?"