गर्दीतला दिवस

बसच्या रांगेत नर्सबाईंच्या मागे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या अंगात मनोरंजन पार्कचा निळा गणवेश होता. बाईंनी नकळत कान टवकारले.

"पोरीला तुझ्या पार्कात कधी आणू?"

"सुट्टीत नकोच. मुंगी शिरायला जागा नसते. पावसाळ्यात या, सगळं रिकामं असतं."

"आणि तू?"

"माझा मोठा पाळणा तेव्हा बंद. मी मागे शेडमध्ये, मशीन खोलून बसलेला."

"मग सुट्टीतच येतो."

"अगं, तासभर उन्हात रांग! पट्टा मीच बांधणार, पण तीन मिनिटांत उतरवावं लागणार."

"चालेल. घरी येतोस तेव्हा ती झोपलेली असते. तासभर बाप दिसेल तरी."

बस आली. दोघं मागोमाग चढले.

"लाल टोपी घाल तिला. मला लांबून दिसेल."