बहात्तर ठोके

नागपूरच्या बसस्टँडवर, कुहीच्या बसच्या रांगेत, माझ्या मागे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या.

“एस्तेरबाई, काल तुमच्या चर्चची घंटा लई वेळ काहून वाजली वं?”

“माणूस गेलं का वयाइतके ठोके देतात. गेली कोणाची तरी पाहुणी. पण गावात बहात्तरची मीच, म्हणून साऱ्यायनं मलेच मेली समजलं.”

“अन् तुमी कुठं होत्या?”

“वावरात. घरी आली तं शेजारीण बुटीबोरीले माझ्या संदेशसंग फोनवर बोलून राहिली होती, स्पीकर लावून.”

“पोरगा रडला असन.”

“म्हणे, कंपनीत सुट्टी नाही. माती उरकून घ्या.”

“मंग?”

“मी शेजारणीले हातानंच खुणावलं, ठेव फोन.”

“म्हणजे त्याले अजून माहीत नाही?”

“कसं सांगू वं? मी आयकलं हे कळलं, तं शरमेनं घरी येनच नाही तो.”