करपलेली कडा

थंडीत बेकरीची रांग सरकत होती. काउंटरमागच्या बाईचे हात खोकी बांधत होते, कान मात्र रांगेतल्या दोन जावांकडे होते.

"अगं, नाताळचा केक विकतचा? सासूबाई पकडतील हं. उगाच नाही गावभर त्यांना मास्तरीणबाई म्हणत!"

"पकडू देत! नुसत्या नाकाने कांदे सोलतात. म्हणे, आजकालच्या सुनांना अंडीसुद्धा फेटता येत नाहीत."

"पण त्यांचा केक असतो बाई छान."

"कसला छान, जाऊबाई? दरवर्षी एक कडा करपलेली! वर म्हणायचं, हीच घरच्या केकची खूण. यंदा मीपण करपवणार."

त्यांचा नंबर आला.

"मनुक्यांचा एक द्या हो."

"कडा मीच करपवून देऊ?" बाईने विचारलं. "मास्तरीणबाईंना दरवर्षी देते तशी."